‘जाल’ आज बघण्यासारखा आहे का?

हो, आहे. गुरुदत्तचा १९५२चा ‘जाल’ आजही वेळ काढून बघावा असा चित्रपट आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र त्यासाठी थोडी तयारी लागते. सत्तर वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट नुसता लावून बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच हात फोनकडे जातो. आमच्या गोव्यातल्या फोंड्यातली कॉलेजची मुलं ‘ये रात ये चांदनी’ ऐकून या चित्रपटाकडे वळतात आणि ‘काकी, त्यात काही घडतच नाही’ म्हणत परत येतात. घडतं पुष्कळ. ते कुठे शोधायचं, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहायला घेतलं. कथेचा शेवटही मी पुढे सांगणार आहे, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या चित्रपटाचं मोल ठरवता येत नाही.

आधी कथा, थोडक्यात. समुद्रकाठचं ख्रिस्ती मच्छिमारांचं एक गाव. हे गाव गोव्याच्या किनाऱ्यावरचं मानलं जातं. मारिया (गीता बाली) तिथे आपल्या आंधळ्या भावाबरोबर राहते. हा भाऊ, कार्लो, म्हणजे के. एन. सिंग. एरवी नुसती भुवई उंचावून धडकी भरवणारा हा खलनायक इथे सज्जन माणूस झाला आहे. गावातल्या सायमनचा मारियावर जीव आहे. अशात शहरातून लिसा (पूर्णिमा) येते आणि तिच्या मागोमाग टोनी, म्हणजे देव आनंद. टोनी सोन्याची तस्करी करतो. लिसाच्या आयुष्याची त्याने आधीच माती केलेली आहे. आता त्याची नजर मारियाकडे वळते.

बस, एवढंच. टोनी चोर आहे हे आपल्याला लपवून ठेवलेलं नाही, आणि आजच्या प्रेक्षकाची पहिली फसगत इथेच होते. गुन्ह्याची गोष्ट म्हटली की आपण रहस्य शोधायला लागतो: कोणी केलं, कसं केलं, शेवटी कोणाचा मुखवटा उतरणार. ‘जाल’मध्ये मुखवटाच नाही. लिसा सावध करते, घरचे सावध करतात, गाव कुजबुजतं. प्रश्न एकच उरतो. सगळं कानावर येऊनही मारिया त्याच्याकडे जाईल का? रहस्यपटात आपण उत्तराची वाट पाहतो. इथे आपण एका मुलीचा निश्चय हळूहळू वितळताना बघतो, आणि तो वितळू नये असं वाटत असतानाच देव आनंद हसला की आपलाही वितळतो. स्वतःच्या मनाची ही गंमत कळली की चित्रपट संथ वाटेनासा होतो.

प्रेम आणि गुन्हा या दोन गोष्टी चित्रपटवाल्यांनी पुन्हा पुन्हा एकत्र का बांधल्या, याचं उत्तरही इथेच आहे. फसवणुकीला विश्वास लागतो, पुराव्याशिवायचा विश्वास. तो बाजारात मिळत नाही. प्रेमात मात्र तो आपण होऊन पदरात पडतो. म्हणून टोनीसारख्या माणसाला गावात शिरायचं तर मारियासारखी मुलगी लागते. तो तिच्यावर प्रेम करतो की तिचा वापर करतो, हे बराच काळ त्यालाही नीट माहीत नसावं. देव आनंदने ते तसंच धूसर ठेवलं आहे. पुढच्या काळातल्या त्याच्या लाडिक लकबी ज्यांना पाठ आहेत त्यांना हा कोरडा, थोडा क्रूर देव आनंद नवा वाटेल.

आता सोन्याबद्दल. चित्रपट याविषयी फार काही समजावत बसत नाही, कारण १९५२च्या प्रेक्षकाला ते रोजच्या वर्तमानपत्रातून ठाऊक होतं. आपल्याला नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाकडे मोकळेपणी वापरता येईल असं परकीय चलन तुटपुंजं होतं. धान्य, यंत्रं, तेल बाहेरून आणायचं तर ते चलन जपून वापरायला हवं होतं. सोनं बाहेरून विकत घेणं म्हणजे तेच चलन पेटीत कुलूपबंद करणं. म्हणून १९४७च्या विदेशी चलन नियमन कायद्याच्या काळापासून सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं आली. पण लग्नं थांबली नव्हती. मुलीच्या अंगावर सोनं घालायची रीत कायद्याने बदलत नाही. मागणी तशीच, आवक बंद, म्हणजे भाव चढणारच.

हिशेब करून बघू. जागतिक पातळीवर तेव्हा सोन्याचा अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. १९४९च्या अवमूल्यनानंतर डॉलर साधारण ४ रुपये ७६ पैशांना पडत होता. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. गणित केलं तर तोळ्याचा जागतिक दर साडेबासष्ट रुपयांच्या आसपास येतो. मुंबईच्या सराफ बाजारात मात्र भाव याहून बराच वर होता. मधला फरक हाच तस्कराचा नफा. माल बहुधा दहा तोळ्यांच्या बिस्किटांत यायचा, मुठीत सहज लपेल एवढ्या. मासळीच्या टोपलीखाली असं बिस्किट ठेवलं तर कोण शोधणार?

त्यात १९५२चा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुक्ती मिळाली १९ डिसेंबर १९६१ला. त्याआधी पत्रादेवीच्या सीमेच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. जकात निराळी, चलन निराळं, पोलीस निराळे. परदेशी माल अलीकडे उघड मिळायचा आणि पलीकडे त्याला भाव यायचा. हे कळलं की चित्रपटातला समुद्रकिनारा नुसत्या देखाव्यासाठी नाही हे लक्षात येतं. तस्कराला होडी हवी, अंधार हवा, भरती-ओहोटी जाणणारी माणसं हवीत. हे तिन्ही मच्छिमारांच्या गावात मिळतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दरोडेखोर लोकांच्या घरात शिरतो, खुनी माणूस मारतो. सोन्याचा तस्कर काय करतो? सरकारचा नियम मोडतो, आणि त्याने आणलेलं सोनं शेवटी कुणाच्या तरी मंगळसूत्रात जातं. म्हणून प्रेक्षकाच्या मनात त्याच्याबद्दल तेवढी चीड नसते. तस्कर नायक होऊ शकतो तो यामुळे. पुढे सत्तरच्या दशकात हिंदी पडद्यावर तस्कर-नायकांची रांगच लागली. गुरुदत्त तिथे वीस वर्षं आधी पोचला होता, आणि त्याने सूट दिली नाही: सोन्याने कुणाचं घर लुटलं नसलं तरी टोनी माणसांना लुटतो, लिसाकडे बघा, असं तो दाखवत राहतो.

गुरुदत्तविषयी दोन शब्द. ‘जाल’ हा त्याने दिग्दर्शित केलेला दुसरा चित्रपट. पहिला ‘बाजी’, १९५१चा. देव आनंद आणि तो, दोघांची दोस्ती पुण्याला प्रभातमध्ये जमलेली. १९२५ला बंगळुरात जन्मलेला हा गुरुदत्त पदुकोण चित्रापूर सारस्वतांच्या घरातला, म्हणजे घरची भाषा कोंकणी. आपल्याकडे गुरुदत्त म्हटला की लोकांना त्याचे नंतरचे व्याकूळ, उदास चित्रपट आठवतात. ‘जाल’ त्यांच्या सावलीत राहिला. मला ते अन्यायाचं वाटतं. इथे तो सत्तावीस वर्षांचाही नव्हता, अजून स्वतःची कैफियत मांडत नव्हता. गोष्ट कशी सांगायची हे हाताने शिकत होता, आणि ते शिकणं चौकटीचौकटीत दिसतं.

मूळ बीज त्याचं नाही. १९४९मध्ये जुझेप्पे दे सांतिस या इटालियन दिग्दर्शकाने ‘बिटर राइस’ या नावाने जगभर गाजलेला चित्रपट काढला होता, त्यावरून ‘जाल’ सुचला. तिथे समुद्र नाही, पो नदीच्या खोऱ्यातली भातशेती आहे. हंगामाला गाडी भरभरून बायका येतात, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून काम करतात. त्यांच्यात एक चोर आणि त्याची साथीदारीण लपायला येतात, आणि शेतातली एक तरुण मुलगी त्या चोराला भुलते. सिल्वाना मांगानोने ती रंगवली आहे.

‘म्हणजे नक्कल की!’ असं कुणी म्हटलं की मी दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ बघायला सांगते. काय उचललं यापेक्षा काय बदललं हे बघण्यात जास्त मजा आहे. भाताच्या खाचराच्या जागी समुद्र आला, लावणीच्या जागी मासेमारी. पण एक गोष्ट गुरुदत्तने नेमकी ओळखून ठेवली: या गोष्टीला घाम गाळणारं अख्खं गाव लागतं. मूळ चित्रपटात बायकांना कामावर बोलायची मनाई असते, म्हणून त्या गाण्यातून बोलतात. ‘जाल’मध्ये त्या जागी ‘ज़ोर लगा के हैय्या’ आहे, गीता दत्तच्या आवाजातलं. आपल्याला हे गाणं परकं वाटायचं कारण नाही. ज्याने रापण ओढताना बघितली आहे त्याला तो ‘हैय्या’ कुठून येतो ते माहीत आहे. होडीने अर्धगोल फिरवलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना वाळूत टाचा रुतवून उभी असलेली माणसं, आणि शेवटी प्रत्येकाला ठरल्याप्रमाणे वाटा. सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं अशा गावात टोनी येतो, एकट्याने सगळं घेऊन जायला. चित्रपटाचं नाव जाळ्यावरून आहे, आणि जाळी दोन आहेत: एक पोट भरणारं, दुसरं अडकवणारं.

गाण्यांपाशी मी जरा जास्त थांबणार आहे. आजचा प्रेक्षक गाणं लागलं की पुढे ढकलतो, आणि ‘जाल’मध्ये तसं केलं तर गोष्टच हातातून निसटते.

गोव्यातल्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. जत्रेतल्या उत्सवी नाटकांवर वाढलेले आपण. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता पदाकडे वळलं तर आपल्या आजोबांनी कधी ‘का गातो हा?’ असं विचारलं नाही, उलट वन्समोअर दिला. शेजारी तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, कांतारां म्हणजे गाणी येतातच. गद्यात जे बोलता येत नाही ते पदात बोलायचं, हा करार आपल्या रक्तात आहे. जुना हिंदी चित्रपट त्याच करारावर चालतो.

‘ये रात ये चांदनी फिर कहाँ’ घ्या. संगीत सचिनदेव बर्मन यांचं, शब्द साहिर लुधियानवींचे, आवाज हेमंतकुमारांचा. टोनी गिटार घेऊन रात्री गातो आहे आणि मारियाला ते स्वर बसू देत नाहीत. ती दूर राहायला बघते, पावलं मात्र ऐकत नाहीत. म्हणजे गाणं हेच इथे कृत्य आहे. जाळं टाकलं जातं आहे ते आपल्या डोळ्यांसमोर, आणि टाकणारा हात दिसतोय तरी सूर इतके गोड आहेत की सुटका नको वाटते. आता शब्दांचा रोख बघा: ही रात्र, हे चांदणं पुन्हा कुठे मिळणार. आज नाही तर कधीच नाही, विचार करायला वेळ घेऊ नकोस. प्रत्येक फसवणाऱ्याची पहिली चाल हीच असते. साहिरने ती जगातल्या एका सुंदर कवितेत घातली. प्रेमिकाची आर्जवं आणि ठकाची घाई एकाच ओळीत, आणि कुठली कुठली हे वेगळं करता येत नाही. अख्ख्या चित्रपटाचा पेच या एका गाण्यात आहे.

आवाजाची निवडही बघण्यासारखी. याच चित्रपटात गीता दत्तबरोबर किशोरकुमारचं खेळकर गाणं आहे. पण रात्रीच्या या हाकेसाठी बर्मनदांनी हेमंतकुमारांचा खोल, धीरगंभीर गळा घेतला. किशोरच्या आवाजात ती छेडछाड वाटली असती. हेमंतकुमारांच्या आवाजात ती ओढ होते. पुढे तेच गाणं लतादीदींच्या आवाजाची जोड घेऊन पुन्हा येतं, तेव्हा चाल ओळखीची आणि भाव निराळा असतो. दोन्ही वेळा नीट ऐका.

लतादीदींचं ‘पिघला है सोना दूर गगन पर’ मात्र फार कमी लोकांच्या ओठांवर आहे. संध्याकाळचं आभाळ म्हणजे वितळलेलं सोनं, अशी कल्पना. ज्या कथेत सगळी धावपळ लपवलेल्या सोन्यासाठी चालली आहे, तिथे साहिर आभाळभर सोनं ओतून ठेवतो, कुणीही बघावं असं, फुकट. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. दीनानाथांमुळे मंगेशीचं नाव मागे असलेला हा आवाज तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता, हेही सहज मनात येतं.

गिटार आणि पाश्चात्त्य वळणाचा वाद्यमेळ ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळच्या मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांमधून ही मुलं लहानपणीच नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, वाचायला शिकत, आणि वाद्यवृंदाला कागदावरून वाजवणारी माणसं हवी असत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी गाण्याच्या मागचा सारा आवाज घडवला, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली.

छायाचित्रणाबद्दल थोडंच सांगते, कारण ते वाचण्यापेक्षा बघायचं आहे. कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. ‘बाजी’त ते साहाय्यक होते. त्यांनी घेतलेला एक अवघड शॉट बघून गुरुदत्तने त्यांना कायमचं आपल्या बाजूला ओढलं. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. ‘जाल’मध्ये दोघांची जोडी नुकतीच जमते आहे. गुरुदत्तला चेहरा लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपायला आवडे. अशा लेन्सने मागचं जग विरघळतं आणि चेहरा एकटा उरतो. टोनीचं गाणं ऐकणाऱ्या मारियाचा चेहरा बघताना हे जाणवतं. म्हणून हा चित्रपट फोनवर बघू नका. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा छोट्या पडद्यावर चिखल होऊन जातात. मोठा पडदा, रात्रीची वेळ, दिवे बंद, आणि मिळेल त्यातली सगळ्यात स्वच्छ प्रत, एवढं जमवाच.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. उत्तरार्धात कथा रेंगाळते. योगायोग सोयीने येतात. आणि गोवेकर म्हणून मला हे गाव अर्धंच खरं वाटतं. नावं मारिया, सायमन, कार्लो. भाषा मात्र मुंबईच्या स्टुडिओतली हिंदुस्तानी. कोंकणीचा हेल नाही. ज्या काळात हा किनारा परक्या राजवटीखाली होता, सहा वर्षांआधी मडगावला राममनोहर लोहियांच्या सभेने गोवामुक्तीची ठिणगी पडून गेली होती, त्या काळाची धग या कथेत नाही. कोंकणी बोलणाऱ्या घरातल्या दिग्दर्शकाकडून मला थोडी जास्त अपेक्षा होती.

तरीही एक श्रेय द्यायलाच हवं. हिंदी चित्रपटाने नंतर कित्येक वर्षं गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला दारुडा विदूषक केलं आणि ख्रिस्ती मुलीला खलनायकाच्या अड्ड्यावर नाचवलं. ‘जाल’मध्ये तसं नाही. इथे ख्रिस्ती मुलगी नायिका आहे, तिची श्रद्धा चेष्टेचा विषय नाही, क्रूस तिच्यासाठी खरा आधार आहे. तिचा भाऊ, तिचं गाव, तिची लाज, तिचा हट्ट, सगळं गंभीरपणे घेतलं आहे. आणि गीता बाली! तिच्या चेहऱ्यावर एकाच क्षणी भीती आणि आनंद दोन्ही दिसतात. चित्रपटाला तारून नेते ती तीच.

आता शेवट. इटालियन चित्रपटात भुललेली मुलगी अखेर चोराला गोळी घालते आणि स्वतःचाही जीव देते. भूल पडली, किंमत चुकवली, हिशेब संपला. ‘जाल’मध्ये टोनी शेवटी बदलतो, कायद्याच्या हाती जातो, आणि मारिया त्याची वाट बघणार आहे.

मुलांबरोबर माझा वाद होतो तो इथे. त्यांचं म्हणणं बरोबर आहे: बाईच्या प्रेमाने वाईट माणूस सुधारतो, ही समजूत किती घरांत किती मुलींनी भोगली आहे. टोनीचं परिवर्तन फार झटकन होतं हेही मान्य. त्या काळच्या चित्रपटाला एक चौकट पाळावी लागे. गुन्हेगाराला शिक्षा झाल्याशिवाय पडदा पाडता येत नव्हता, आणि देव आनंदला मरू देणं प्रेक्षकाला सहन होणार नव्हतं. तुरुंग आणि प्रतीक्षा हा दोन्ही बाजू राखणारा मार्ग होता.

पण लिसाला विसरू नका, एवढंच मी मुलांना म्हणते. तिनेही याच माणसावर भरवसा ठेवला होता. तिच्यासाठी तो बदलला नाही. दिग्दर्शकाने ती कथेतून पुसून टाकली असती तर शेवट साखरेत घोळलेला झाला असता. ती समोर असल्यामुळे मारियाच्या प्रतीक्षेकडे बघताना आपल्याला खात्री वाटत नाही. तो तुरुंगातून सुटेल तेव्हा कोण असेल, टोनी की दुसराच कुणी? मला वाटतं गुरुदत्तलाही खात्री नव्हती. ज्यांना हा शेवट अजिबात पटणार नाही त्यांनी त्याच आठवड्यात दे सांतिसचा चित्रपट बघावा, आणि मग दोन मुलींपैकी कुणाला जास्त न्याय मिळाला यावर घरात भांडावं. आमच्याकडे ते भांडण अजून मिटलेलं नाही.